आधी मोठ्यांचं कार्ड

“नवरा वारला. त्याचं नाव कमी करायचंय,” केरी खिडकीच्या काचेला म्हणाली. हे वाक्य आता तिला पाठ झालं होतं. बँकेत म्हणून झालं, पेन्शनच्या कचेरीत म्हणून झालं, गाडीच्या कागदांसाठी फोनवर दोनदा म्हणून झालं. मृत्यूच्या दाखल्याच्या नऊ प्रती काढल्या होत्या, त्यातली एकच उरली होती. फुटबॉल क्लबाचं तिकीटघर ही शेवटची खिडकी. “आणि या दोघींची पुढच्या हंगामाची तिकिटं. मोठ्यांशिवायची.”

इडी आणि मार्नी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. जुळ्या, गेल्याच महिन्यात बारा पूर्ण झालेल्या. बारा झाली की पोरांना गोलामागच्या कोपऱ्यात एकटं बसता येतं, असं क्लबाचं पत्रक त्यांनीच आणून फ्रिजवर लावलं होतं. केरीने ते तीन आठवडे पाहिलं, म्हणजे त्याच्यासमोरून दूध काढलं आणि परत ठेवलं. आज शुक्रवार. पाच वाजता जुन्या तिकीटवाल्यांची आपल्या जागा राखायची मुदत संपत होती.

पोरी पाच वर्षांच्या असल्यापासून तिघांच्या जागा ठरलेल्या. ई रांगेत ग्लेन मधे, दोघी दोन बाजूंना, कारण शेजारी बसल्या की चिमटे सुरू. केरी कधी गेली नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी तिला कळलं नव्हतं, आणि ग्लेननेही समजावणं सोडून दिलं होतं. फेब्रुवारीत तो गेला आणि ते सगळं थांबलं. आता एकाआड एक शनिवारी पोरी बागेपलीकडे आत्याकडे जायच्या. संध्याकाळी परत यायच्या त्या नाकं लाल करून, कपड्यांना चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास, जेवायला नको. जाताना त्यांनी जिथे पाहिलेली असे, त्याच सोफ्यावर केरी तशीच पडलेली असायची. ग्लेनचं मैदानात शिरायचं हंगामाचं कार्ड दाराजवळच्या खुंटीवर लटकत होतं. ते काढायचं, हे यादीत होतं. कधी त्यावरचं नाव पुढे असायचं, कधी भिंतीकडे. हेही तिला दिसायचं, बाहेर ढग आलेले दिसावेत तसं.

खिडकीमागची पॅट साठीची. माणसांना ती नावाआधी खुर्चीने ओळखायची.

“ई एकशे तेरा,” ती म्हणाली. “कळलं होतं गं पोरी. फार वाईट झालं.” मग तिने बटणं बडवायला घेतली. अर्जात एक प्रश्न होता, मुली याआधी एकट्या मैदानात आल्या आहेत का. केरीने नाही म्हणून सांगितलं. फेब्रुवारीपासून त्या इकडे फिरकल्याच नाहीत, हेही सांगितलं.

पॅटची बोटं थांबली. तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग चष्म्यावरून पोरींकडे. मार्नी खाली वाकून बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. पॅटने पडदा काचेकडे वळवला.

“तेव्हापासून इथे सात सामने झाले. दोघी सातही सामन्यांना हजर.” तिने सगळ्यात वरच्या ओळीवर बोट टेकवलं. “आणि ग्लेनही.”

दर शनिवारच्या तीन ओळी होत्या, नाव आणि आत शिरल्याची वेळ. ग्लेन, दोन एकतीस. इडी, दोन एकतीस. मार्नी, दोन बत्तीस. केरीने त्या विजेचं बिल वाचावं तशा वाचल्या. कार्ड घरी खुंटीवर आहे, ती म्हणाली. आणि मग तिला आठवलं, आज सकाळी नाव भिंतीकडे होतं.

इडीने मार्नीला कोपर मारलं. तुला बाहेरच थांब म्हटलं होतं, तुझ्या तोंडावर सगळं छापलेलं असतं, असं ती दातांतल्या दातांत म्हणाली. मार्नी उठून उभी राहिली.

“लहानांचं कार्ड आधी लावलं की ते फिरतं फाटक हलतच नाही, आई. मोठ्यांचं आधी लागतं. म्हणून बाबांचं लावतो. मग फाटक एकदा रिकामंच फिरतं. तोवर आम्ही थांबतो. बाबा आत गेले की मग आम्ही.”

ते कार्ड या हंगामाबरोबर बंद पडणार होतं. म्हणून पत्रक आणलं, असं इडीने जमिनीकडे बघत सांगितलं.

पॅटने चष्मा काढून पुसला. नियमाप्रमाणे कार्ड आत्ता बंद करून वर पत्र पाठवायला हवं, ती म्हणाली. पण मागच्या रांगेतला म्हातारा कबुतरांचीसुद्धा तक्रार घेऊन येतो, दोघींच्या मधल्या त्या रिकाम्या खुर्चीबद्दल मात्र त्यानेही चकार शब्द काढला नाही. मग काय लिहू, दोन, कोपऱ्यातली, मोठ्यांशिवाय? आणि दाखल्यासाठी तिने काचेखालून हात पुढे केला.

केरी हातातल्या शेवटच्या प्रतीकडे बघत राहिली. बधिर झालेल्या पायात मुंग्या सुटाव्यात तसं तिला छातीत काहीतरी व्हायला लागलं. दुखत होतं. तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

“तीन,” ती म्हणाली. “आहेत त्याच जागा. मधली माझ्या नावावर. आणि उद्याच्या शेवटच्या सामन्याचं एक सुटं तिकीट, मला.”

“मग त्याचं कार्ड आत्ता बंद करू?”

“सोमवारी करा,” केरी म्हणाली. “उद्या आधी तो आत जाईल. मग आम्ही तिघी.”