दोघांनी फिरवलेलं इंजिन

इंजिनाच्या हेडचा शेवटचा बोल्ट निघाला आणि धाकट्याचा हात थांबला. आता नुसतं झाकण उचलल्यासारखं हेड उचलायचं होतं. पण गड्याला धीर होईना.

गॅरेजच्या दारात वहिनी चहाचे कप घेऊन उभी होती. "काय झालं भाऊजी? अडकलं का?"

"नाही, अडकलं नाही. बघतोय."

"बघत तर तुमचे भाऊही बसायचे. रोज संध्याकाळी, त्याच स्टुलावर." तिने कप टेबलावर ठेवले. "आज उघडा बाई एकदाचं. गाडी पुरी करायची, असं तुम्हीच फोनवर म्हणालात."

गाडी मागे ताडपत्रीखाली होती. इंजिन काढल्यामुळे पुढून हलकी झालेली, नाक वर करून रुसल्यासारखी उभी.

बेत दोघांचा होता. जुनी, हलकी, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी गाडी फक्त ट्रॅकसाठी बांधायची. टर्बो नको, यावर दोघांचं कधीच दुमत नव्हतं. "बाहेरून फुंकर मारून पळवायचं तर इंजिन कशाला हवं, फुगा घ्या की," असं दादा म्हणायचा. इंजिनाने आपल्याच दमावर हवा ओढायची आणि गात पळायचं. घोडं अडलं ते कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर. दादाने हौसेने भला मोठा कॅम आणला होता. एवढ्या कॅमने व्हॉल्व्ह फार खोल उतरणार आणि खालून येणारा पिस्टन त्याच्यावर आपटणार, असं धाकट्याचं म्हणणं. काही आपटत नाही, असं दादाचं.

आता हे काय भांडायचं प्रकरण आहे? पिस्टनच्या डोक्यावर मऊ माती थापायची, हेड बसवायचं, इंजिन हाताने फिरवायचं, हेड काढून माती कापायची. जाड उरली तर जागा आहे, पातळ झाली तर नाही. संपला विषय! या शहाण्यांनी तेसुद्धा केलं. दादाच्या पोरीच्या खेळण्यांतली हिरवी माती आणली, दादाने ती अंगठ्याने दाबून बसवली, दोघांनी एकाच पान्याला हात लावून इंजिन फिरवलं. आणि हेड काढायच्या आधीच शब्दाला शब्द लागला. धाकटा म्हणाला, "तुला यातलं कळतं काय?" दादा म्हणाला, "तू कालचं पोर, मला शिकवू नकोस." पाना फरशीवर आपटून धाकटा जो गेला, तो दादा गेल्याचं कळल्यावरच या घरात आला.

"वहिनी, त्याने मागाहून उघडलं नव्हतं ना?"

"छे! कुणाला हात लावू दिला नाही. मी म्हणायचे, उघडून टाका एकदाचं. तर म्हणायचे, दोघांनी फिरवलंय, दोघांनीच उघडायचं. बारक्या येईल."

बारक्या. त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. धाकट्याने खाली मान घातली. इतकी वर्षं आपलंच खरं असं तो घोकत आला होता, आज पहिल्यांदाच त्याला मनापासून वाटत होतं की आपलं चुकलेलं असावं. दादाचं खरं निघालं, तर दादाचा बेत जसाच्या तसा पुरा करता येईल. निदान तेवढं तरी करता येईल.

त्याने हेड उचललं.

तेलात राहून माती मऊच होती. कडेला दादाचा अंगठा उमटला होता, रुंद, मधोमध जुन्या जखमेची तिरकी रेघ असलेला. तो ओळखायला त्याला उजेड लागला नाही. त्याने ब्लेडने माती सावकाश कापली आणि अंगठ्याच्या ठशासकट तुकडा अलगद काढून उजेडात धरला. मधला भाग कागदासारखा पातळ झाला होता. इंजिन जरा जोरात फिरलं असतं, की सगळ्याचा चुरा झाला असता.

म्हणजे धाकट्याचंच खरं. हा तुकडा दादाच्या नाकासमोर नाचवून "बघ!" म्हणायचं, हे चित्र त्याने मनात कितीदा रंगवलं होतं.

"काय हो? कुणाचं बरोबर निघालं?" वहिनीने विचारलं.

त्याने तुकडा मुठीत घट्ट आवळला. "दादाचं. भरपूर जागा आहे."

वहिनी पदराने डोळे पुसत हसली. "धड खोटंही बोलता येत नाही तुम्हाला. अहो, भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी हे बसून सगळा हिशोब पुन्हा मांडून बघत होते. मग मला म्हणाले, बारक्याचं बरोबर आहे, कॅम मोठाच आलाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मीही तेच म्हटलं. लावा फोन, म्हटलं, आणि टाका सांगून. तर म्हणाले, सांगितलं तर तो फोनवरच जिंकेल आणि घरी बसेल. वाद आहे तोवर उघडून बघायला तरी येईल."

चहावर साय धरली होती. धाकट्याने मूठ उघडली. हिरव्या मातीवर दादाचा अंगठा कुठेच नव्हता, त्याच्या स्वतःच्याच बोटांचे ठसे होते.