पंडितांचं राज्य

डोसच्या पत्राला पंडितांनी उत्तर दिलं नव्हतं. एक शब्द पुरला असता, येतो किंवा येत नाही. नेमका तोच सुचत नव्हता.

डोस त्यांचा जुना मित्र. औषधांचं दुकान चालवायचा आणि गिऱ्हाइकाला गोळ्यांबरोबर उपदेशही पाजायचा, म्हणून हे नाव. आता तो लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेला होता, आणि उतारवयात त्याला कॉम्प्युटरवरच्या राज्याच्या खेळाचं वेड लागलं होतं. पत्रात त्याने लिहिलं होतं, "पंडित, इथे बुद्धिबळाचा पट कुणाशी मांडू? या खेळात तुझ्या नावाने एक राज्य धरून ठेवलंय. रोज एक खेळी, घरबसल्या. तू येईपर्यंत तुझा कारभार कॉम्प्युटर बघतोय. लवकर ये, मंदबुद्धी आहे तो."

पंडितांनी काय केलं, तर खेळाचं माहितीपुस्तक छापून आणलं. उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. पुस्तक तीनदा वाचलं, लाल पेनाने त्यातल्या चुका काढल्या. खेळ मात्र घेतला नाही. आधी महाग होता म्हणून. मग सेल लागला, तर अजून उतरेल म्हणून.

"आज सेलचा शेवटचा दिवस," बायको म्हणाली. "अजून कशाची वाट बघताय? ते लोक वर पैसे देऊन खेळ देतील याची?"

पंडितांनी धीर करून बटण दाबलं. यादीत सगळ्यात स्वस्त होता तो घेतला. खेळ सुरू होईना. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचलं. घेतली होती ती खेळाची पुरवणी. मूळ खेळ असल्याशिवाय ती चालणार नव्हती.

"म्हणजे खोगीर आलं," बायको म्हणाली, "घोडा राहिला."

पंडितांचे कान तापले. तीनदा पुस्तक वाचून उंबरठ्यातच ठेच. ते कॉम्प्युटर बंद करायला निघाले, तशी तिने त्यांचा हात बाजूला सारला. ती निवृत्त नर्स होती. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचण्यात तिची हयात गेली होती.

"थांबा हो. इथे सगळ्याचा मिळून संच आहे. आणि आधी घेतलेल्या वस्तूचे पैसे त्यातून वजा होतात." तिने बोटांवर हिशोब केला. "नुसत्या घोड्यापेक्षा स्वस्त पडतोय. चुकलात ते बरं झालं."

सरावाचं पहिलं राज्य जेवणाआधीच बुडालं.

"कोठारात दाणा नाही," बायको मागून म्हणाली, "आणि तुम्ही बांधताय काय? ग्रंथालय."

"ज्ञानाने राज्य वाढतं असं लिहिलंय अगं."

"मग उपाशी माणसांना पानं वाढा."

दुसऱ्या खेपेला त्यांनी आधी शेतं केली. पिकं उभी राहिली आणि लुटारू आले. राजधानी जळताना पंडित खुर्चीत मागे टेकले. खिडकीतून समोरचा शिंपी दुकानाची पायरी झाडताना दिसत होता. त्याने वर पाहिलं, मान हलवली, पुन्हा झाडू लागला.

"हरलो," पंडित जरा नवलाने म्हणाले.

"दुखलं कुठे?"

"नाही."

"मग मांडा पुढचं."

तिसऱ्या राज्यात आधी शेतं, मग तटबंदी, मग कोठार. ग्रंथालय सगळ्यात शेवटी. लुटारू आले आणि तटावर डोकं आपटून परत गेले. हिवाळा आला, सरला. वसंतात नगरातली माणसं जागच्या जागी होती. पंडितांनी हात चोळले आणि कुणाला न विचारता डोसचा खेळ उघडला. पत्राच्या तळाशी त्याने सांगून ठेवलेला परवलीचा शब्द टाकला.

नकाशा समोर आला. मंदबुद्धी कारभाऱ्याने पंडितांच्या राज्याची धूळधाण केली होती. उत्तरेच्या राजाने, आणि तोही कॉम्प्युटरच, एकेक गाव गिळलं होतं. एकच नगर उरलं होतं. त्याच्याभोवती निळ्या सैन्याचं कडं पडलं होतं. निळा रंग डोसचा.

"मित्र म्हणे," बायको म्हणाली. "वेढा घालून बसलाय."

पंडित पडद्याजवळ वाकले. निळ्या सैनिकांची तोंडं नगराकडे नव्हती, उत्तरेकडे होती. एकही तुकडी धड नव्हती. कुठे निम्मी माणसं उरली होती, कुठे मूठभर. रोज एक खेळी करून डोस हे नगर राखत होता.

बायकोने खुर्ची ओढली आणि शेजारी बसली.

पंडितांनी आधी कोठार पाहिलं. धान्य होतं. मग सैन्य मोजलं. थोडं होतं. उत्तरेचा तळ नदीपलीकडे होता आणि पूल उत्तरेच्याच ताब्यात होता.

"इथे हिवाळा आहे," पंडित म्हणाले.

"मग?"

"कडक थंडीत नदी गोठते. पुस्तकात तळटीप आहे, बारीक टाइपातली."

सैन्य पूल सोडून बर्फावरून निघालं. बर्फ तडकलं नाही. उत्तरेच्या तळाची पाठ उघडी होती, सगळे पहारेकरी पुलाकडे डोळे लावून उभे. तळ उठला. मागचं गाव पंडितांच्या रंगात उजळलं, आणि बायकोने टेबलावर थाप मारली.

खेळीबरोबर निरोप पाठवायला एक चौकट होती. पंडितांनी उशिराबद्दल चार ओळी लिहिल्या. वाचल्या, आणि चारही काढून टाकल्या. मग लिहिलं, "डोस, तुझे जखमी माझ्या नगरात आण, इथे धान्य आहे. उत्तरेला आता मी बघतो."

एकदाही न तपासता त्यांनी ते पाठवून दिलं.