काशाची वाटी

"डोळे मिटा काका, आणि तळव्याला लागलं की 'हो' म्हणा," स्नेहल सिस्टर म्हणाली. धोंडीरामनं डोळे असे गच्च आवळले की बघणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाला आता सुईच टोचणार आहेत.

कुसाबाई बाकड्यावर बसली होती, नवऱ्याचे बूट मांडीवर घेऊन. साखरेच्या पेशंटचे पाय तपासून देतात असं कळलं, म्हणून दोघं सकाळच्या एसटीनं सिन्नरहून पंचवटीतल्या ह्या दवाखान्यात आली होती. धास्ती लावली होती ती थोरल्या दिरानं, सहादूभाऊनं. त्यालाही साखर. तळव्यात बोरीचा काटा मोडला काय, आठ दिवस त्याला पत्ता लागला नाही काय, आणि पाय गुडघ्याखालून कापावा लागला काय! तेव्हापासून कुसाबाईच्या जिवाला घोर होता. पण एक धीरही होता. तिच्याकडं वाटी होती ना!

वाटीचं तिनं आल्या आल्याच सिस्टरला सांगून टाकलं होतं. "ह्यांच्या पायांची लय आग व्हायची बाई. पाय गार फरशीला लावून बसायचे. मग मी माझी माहेरची काशाची वाटी काढली. रोज जेवणं झाली का तूप लावून तळवे घासायचे. तूप काळंमिट्ट व्हायचं, येवढी उष्णता! वरीसभरात आग पार गेली. आता दोन वर्षं झाली, आगीचं नाव नाय. डॉक्टरच्या गोळ्यांनी झालं नाय ते माझ्या वाटीनं केलं."

सिस्टर त्यावर नुसतं "हं" म्हणाली होती.

सिस्टरच्या हातात दांडीला बसवलेला नायलॉनचा दोरा होता, मासे धरायच्या गळाला असतो तसला. तळव्याला टेकवून तो जरासा वाकेपर्यंत दाबायचा, मग कागदावर पेनानं खूण करायची. बस, एवढीच तपासणी.

तिनं टाचेला दोरा लावला. खूण केली. "हो," धोंडीराम म्हणाला. चवड्याला लावला. "हो." अंगठ्याला. "हो."

कुसाबाईचा जीव भांड्यात पडला. शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून ती हळूच म्हणाली, "पाहिलं का? वाटीचा गुण!"

तेवढ्यात सिस्टरनं दोरा बाजूला ठेवून दिला आणि कागदावर नुसतंच पेन ओढलं.

"हो," धोंडीराम म्हणाला.

सिस्टरनं पुन्हा पेन ओढलं.

"हो."



"काका, ह्या दोन्ही वेळा मी तुमच्या पायाला काहीच लावलं नाही," सिस्टर म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पेनाच्या आवाजावर 'हो' म्हणताय ना?"

धोंडीरामनं डोळे उघडले नाहीत. मान तेवढी खाली घातली.

सिस्टर कुसाबाईकडं वळली. "मावशी, आग थांबली ती पाय बरे झाले म्हणून नाही. साखरेनं पायाच्या नसा सुन्न पडल्यात. आता आग काय आणि काटा काय, त्यांना काहीच कळत नाही."

"असं कसं म्हनता बाई? रोज घासताना म्हनत्यात की, हां, तिथंच, लय बरं वाटतंय!" कुसाबाई बूट खाली ठेवून उठलीच. "अवो, खरं सांगा. माझा हात कळतो का नाय तुमाला?"

धोंडीराम डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाला, "पयलं वरीस कळायचा."

"आन मंग?"

"मंग नाय. आपल्या पोराच्या, रविराजच्या लग्नापासून काहीच कळंना."

"मंग बरं वाटतंय कशापायी म्हनायचे वो?"

"तू दिवसभर वाकून निंदणी करून येते. आन पुन्हा माझे पाय घेऊन बसते. तुला कोन्या तोंडानं सांगू, का मला काय लागत नाय? आन भाऊचा पाय पाहिल्यापासून तर मला बोलायचीच भीती वाटती."

कुसाबाईला भडभडून आलं. 'हां, तिथंच' एवढं एक ऐकलं की तिचा दिवसभराचा शीण उतरायचा. दोन वर्षं उतरत होता.

"घाबरू नका," सिस्टर म्हणाली. "आज जखम नाही, वेळेत आलात. रोज सकाळी तळवे तुम्ही बघायचे मावशी, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. अनवाणी एक पाऊल नाही. गरम पाण्यात पाय नाही. बूट झटकल्याशिवाय घालायचा नाही. एवढं पाळलं तर पाय वाचतात. काका, आता पुन्हा एकदा करू, खरंखुरं. डोळे मिटलेलेच ठेवा, मी दुसरा कागद आणते."

ती आत गेली.

कुसाबाईनं हातातली काकणं वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत सरकवली आणि ती नवऱ्याच्या पायाशी बसली. उजवा तळवा तिनं आपल्या पंजात घेतला, रोज घ्यायची तसाच. अंगठा बरोबर खळग्यात टेकवला. 'हां, तिथंच' म्हणायची ती जागा. मग सगळा जीव एकवटून दाबला.

धोंडीराम डोळे मिटून, कान टवकारून बसला होता. जरा वेळानं म्हणाला, "आणला का कागद, सिस्टर? करा की सुरू. आता खरं सांगतो."