मूठभर मीठ

हुस्नाबानोनं लोट्यात मूठभर मीठ टाकलं आणि बोटानं ढवळलं. मीठ सावकाश विरघळत होतं. तिलाही घाई नव्हती. इतकी वर्षं थांबली, तिथं आणखी घटकाभर.

बाहेर ओट्यावर खालिद बसला होता. तिचा नवरा. आत्ताच मानोरा गावच्या एसटी स्टँडवर उतरून आलेला.

"अवं बानो, हे काय करून राह्यली?" शेजारची गोजराबाई मेथीची टोपली टेकवत कुजबुजली.

"पानी देऊन राह्यली, मावशी. दुसमन दारात आला तरी पैले पानी द्या, तुमीच म्हन्ता ना?"

"पन मीठ कायले?"

"खाल्ल्या मिठाले जागला नाही तो. आता पिऊन पाहू द्या."

खालिद गवंडी. बांधकामावर मालदीवला गेला, तेव्हा पहिल्या साली फोनवर हसायचा. "बानो, बेट आपल्या परातीवानी सपाट हाय. डोंगर नाही, नदी नाही. चहूकडून दर्या. पन अंगनातली वाळू हातभर उकरली का गोड पानी! खाऱ्यावर तरंगते म्हन्तेत, दुधावर साय तरंगते तसं."

तो हे सांगायचा तेव्हा हुस्नाबानो टँकरपाशी हंडा घेऊन उभी असायची. त्याची आई घरात लुळी पडलेली. तिचं न्हाणं, तिचं धुणं, सगळं त्याच हंड्यात भागवायचं.

मग फोन थांबला. त्यानं तिकडं दुसरा निकाह केल्याचं परक्याच्या तोंडून कळलं. सासू हुस्नाबानोच्या मांडीवर गेली. शेवटचा घोट तिनंच पाजला, आणि त्याच घडीला मनाशी गाठ मारली. येईल एक दिवस. पाणी मागेल.

आज आला. सोबत लेक होती, जिकरा. तिची माय वारली आणि दर्या अंगणात शिरला, एवढंच त्यानं कळवलं होतं.

हुस्नाबानोनं लोटा पुढं केला. खालिद घटाघटा अर्धा लोटा प्यायला. ना ठसका, ना शब्द. नजर तेवढी खाली. तिच्या अंगाची आग झाली. जन्माचा सूड, आणि हा मुक्यानं गिळून बसला!

त्यानं लोटा खाली ठेवला. तहानेल्या पोरीनं तो उचलला.

"नोको पिऊ!" हुस्नाबानो धावली.

तोवर जिकरानं लोटा रिता केला होता. तिनं ओठ पुसले. तोंड वाकडं केलं नाही, फक्त हिरमुसली. बापाकडून शिकलेल्या बोलीत म्हणाली,

"अब्बा, तुमच्या गावचं पानी तं गोड हाय म्हने. इथं बी दर्या येऊन गेला काय?"