ओट्यावरचं दही

डेनिसनं रेडिएटरवर हात ठेवला, थोडा वेळ थांबला आणि मान हलवली.

"कोमट आहे."

"कोमटच असतो," रेवती म्हणाली. "हीट पंप पाणी उकळत नाही, दिवसभर थोडं थोडं तापवतो. भिंतींना बाहेरून जाड अस्तर घातलंय, त्यामुळे ऊब बाहेर जात नाही."

"हं," डेनिस म्हणाला. हाताला चटका बसल्याशिवाय इथला माणूस ऊब मानत नाही.

आयर्लंडमधल्या रिंगास्किडी गावाजवळच्या त्या रस्त्यावर दहा घरं होती, सगळी सत्तरच्या दशकातली, सगळी सारखीच गारठलेली. रेवती गावाच्या ऊर्जा समितीत काम करायची. आठ घरांनी सह्या केल्या तरच घरं सुधारायची योजना या रस्त्यावर येणार होती. लोकांना पटावं म्हणून तिनं आधी स्वतःचं घर सुधारून घेतलं होतं. आज सात घरचे शेजारी ते बघायला आले होते. डेनिसनं सही केली की बाकीचे करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डेनिसलासुद्धा.

पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि डेनिसचं तोंड पूर्वी नव्या खिडक्या बसवतो म्हणून फसवून गेलेल्या एकानं चांगलंच पोळलं होतं.

त्याची बायको मॉरा सोफ्याच्या काठावर बसून खोकत होती. गेल्या मार्चच्या बर्फात ती न्यूमोनियानं अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. तिच्या बेडरूमच्या भिंतीवरून पाणी ओघळतं, हे रेवतीनं स्वतः पाहिलं होतं. तिला डेनिसची सही हवी होती ती त्या भिंतीसाठी.

डेनिस जिन्याजवळ गेला आणि त्यानं हॉट प्रेसचं दार उघडलं. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इथं टॉवेल त्यात वाळतात, आणि घर कसं आहे हेही त्याच्यावरूनच जोखतात. त्यानं आत हात घातला. नव्या टाकीला अस्तर होतं, तिची ऊब आता कपाटात झिरपत नव्हती.

"हेही गार. बाकी सगळं ग्रँड आहे गं पोरी, पण हॉट प्रेस गार म्हणजे..."

"बरोबर बोलतोय तो!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

अलकनंदाबाई, रेवतीच्या सासूबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण तक्रार कुठल्याही भाषेतली कळायची.

"मागच्या खेपेला ह्याच कपाटात रात्री दूध विरजून ठेवलं की सकाळी दही तयार. आणि आता? मंगळवारी ठेवलं, दूधच. बुधवारी ठेवलं, दूधच! घर नवं केलं आणि दही घालवलं!"

"काय म्हणतायत त्या?" मॉरानं विचारलं.

घरचा भेदी म्हणतात तो हाच. काहीतरी भलतंच सांगून मोकळं व्हावं, असं रेवतीला क्षणभर वाटलं. पण ज्या लोकांकडून विश्वास मागायचा, त्यांच्याशी खोटं कसं बोलायचं?

"कपाट गार पडल्यामुळे दही लागत नाही, म्हणतायत."

डेनिसनं 'बघा' अशा नजरेनं बाकीच्यांकडे पाहिलं. मागचे दोघं दाराकडे सरकले. रेवती सासूबाईंकडे वळली.

"आई, पंप सुरू केल्यावर भिंतींत ऊब मुरायला चार-पाच दिवस लागतात, म्हटलं होतं ना मी?"

"मुरू दे की! काल दुपारी वैतागून पातेलं ओट्यावरच टाकलं. कपाटात ठेवून तरी काय दिवे लागले होते? थांब, ह्यांना दाखवतेच."

आणि त्या तरातरा आत गेल्या. तक्रार शाबीत करायची तर चारचौघांत, हा त्यांचा खाक्या. सगळे मागोमाग स्वयंपाकघरात शिरले. अलकनंदाबाईंनी ताटली काढली, पातेलं सिंकवर धरलं आणि आत न बघताच तिरकं केलं.

काही पडलं नाही.

त्यांनी पातेलं आडवं केलं. मग इरेला पेटल्यासारखं पुरतं उलटं केलं. पाण्याचा एक थेंब टपकला, बस्स.

अलकनंदाबाईंनी पातेलं हळूच सुलटं केलं आणि आत पाहिलं. करंगळी बुडवून चाखलं.

"लागलं गं," त्या पुटपुटल्या. मग एकदम आवाज चढला. "अगं रेवती, लागलं! नुसत्या ओट्यावर! फेब्रुवारीत! कवडीसारखं लागलंय बघ!"

रेवती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आठ महिने तिनं तक्ते दाखवले होते, आकडे सांगितले होते. ते कुणाला पटले नव्हते.

"हे दूध होतं," तिनं डेनिसला सांगितलं. "काल दुपारपासून इथं होतं. ऊब मिळाली नाही तर ते दूधच राहतं. आता अख्ख्या घरात ऊब आहे, म्हणून कपाट लागलंच नाही."

"विस्तव कुठं होता?"

"कुठंच नव्हता."

"टॉवेलात गुंडाळलं होतं?"

"नाही."

डेनिसनं पातेलं मागून घेतलं. ते स्वतः तिरकं करून पाहिलं, आणखी तिरकं करून पाहिलं. ओट्यावर हात फिरवला, मग भिंतीवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तिथंच ठेवला.

"पेन आहे का कुणाकडे?" त्यानं विचारलं.

चार हात पुढे झाले. अलकनंदाबाईंनी ते पाहिलं, आणि मग त्यांची नजर डेनिसच्या मागे उभ्या असलेल्या मॉराकडे गेली.

"सही करेल तो सावकाश," त्या म्हणाल्या. "आधी त्या बाईला सांग गं, एवढा जाड कोट घालून उकडत उभी आहे बिचारी. म्हणावं, काढ तो!"

रेवतीनं इंग्रजीत सांगायला तोंड उघडेपर्यंत मॉराचं तिसरं बटण सुटलं होतं.