कानाच्या यंत्राचे सेल

घातक कचरा गोळा करण्याच्या मोहिमेसाठी सोसायटीच्या आवारात रंगीबेरंगी पिंपं मांडलेली आणि कालिंदीबाई पिशवी धरून बुचकळ्यात पडलेल्या. औषधाच्या बाटल्या कुठे, ट्यूबलाइट कुठे, काही केल्या उमजेना.

"आजी, सेल लाल पिंपात. बनवणारी कंपनी ते परत नेते," मोहिमेतली मुलगी म्हणाली.

त्यांनी डबीभर चपटे सेल ओतले. "आमच्या ह्यांच्या कानाच्या यंत्रातले. गेल्या दिवाळीत वारले हे."

"मग यंत्रही द्या की! तेही घेतात."

कालिंदीबाईंनी पदराची गाठ सोडून यंत्र काढलं. मुठीत येताच ते कुंईऽऽ करून वाजू लागलं.

मुलगी चक्रावली. "हे तर चालू आहे! कोण लावतं आता?"

"कोणी नाही. सेल संपला की बदलते मी."

"पण कशाला?"

आता कालिंदीबाई गोंधळल्या. एवढं साधं कसं कळत नाही हिला?

"अगं, बंद ठेवलं तर माझं बोलणं ह्यांना ऐकू कसं जायचं?"