दगडूची पिसू

“काढ बूट,” रंगूबाई म्हणाली. “सगळ्या वाडीसमोर काढ.”

दगडू आपल्या खोपटाच्या दारात बसला होता. कोजागिरीला तो मोंबासाहून परत आला, तेव्हापासून ते काळे बूट त्याच्या पायांतून उतरलेले कुणी पाहिले नव्हते. आणि आता मार्गशीर्षात कल्याणच्या खाडीकाठच्या त्या वाडीत धड चालणारं माणूस उरलं नव्हतं. नखाखाली, टाचेत पिसू शिरायची आणि आतल्या आत वाटाण्याएवढी फुगायची. पांढरा दाणा, मध्ये काळा ठिपका. वाडीतल्या पायांचे काटे काढायचे ते रंगूबाईनंच. आता ती सुईनं हे दाणे काढत होती. सून शेवंतीच्या पायांतून कालच अकरा निघाले. गवताचे भारे वाहून घर चालवणारी पोर, तिला उभं राहवत नव्हतं. गुरंही लंगडत होती. पहिली लंगडली ती रंगूबाईची शेळी, दिवाळीच्याही आधी.

वाडीनं नाव केव्हाच ठेवून टाकलं होतं: दगडूची पिसू.

पण रंगूबाईचा राग नुसता पिसूचा नव्हता. तिचा रघु आणि हा दगडू एकाच बोटीनं तिकडच्या रेल्वेच्या कामाला गेले होते. रघु तापानं तिथंच गेला, त्याला दोन वर्षं झाली. हा मात्र आपल्या दोन पायांवर परत आला. येताना रघुला जाळलं तिथली ओंजळभर तांबडी माती फडक्यात बांधून घेऊन आला आणि म्हणाला, “मावशी, आजच्या आज खाडीत सोडा.” तीन वर्षांनी घरी आलेल्या लेकाला उंबऱ्यातूनच वाटेला लाव म्हणे! ती तिडीक तिच्या डोक्यातून गेलीच नाही.

तरी त्याच संध्याकाळी ती खाडीवर गेली. ओहोटीच्या पाण्यावर वाहत जाणारं फडकं सहदेव पाटलानं बांधावरून पाहिलं.

दोन वर्षं तिच्या घरी सण नव्हता. यंदा मात्र तिनं तुळशीचं लग्न हौसेनं लावलं. वाडीत वृंदावन एकच, तिच्या अंगणात. सगळी वाडी अनवाणी येऊन अक्षता टाकून गेली. दगडू तेवढा बूट घालून कुंपणाबाहेर उभा राहिला. मिजास बघा मेल्याची.

सहदेव पाटलानं काठी आपटली. “दगडू, टेसनावर प्लेगचा डाक्तर बसलाय. त्याला ह्या जखमा दिसल्या तर अख्खी वाडी उठवून छावणीत कोंबतील. खोपट जाळायचं नि तू जायचं, असं ठरलंय. बूट काढ, म्हणजे कुणाच्या मनात किंतु नको.”

दगडूनं नाड्या सोडल्या, बूट उतरवले. दोन्ही पायांना एकही बोट नव्हतं. जखमा जुन्या, भरून गुळगुळीत झालेल्या.

“तिथंच झडली,” तो म्हणाला. “किडा तिकडचाच हाय, नाय म्हणत नाय. पण माझ्या पायात वरीस झालं, एक नाय. बघा सुई घालून.”

रंगूबाईनं खरोखरच त्याच्या टाचा चाचपल्या. काही सापडलं नाही.

“मग आली कुठनं?” सहदेवानं विचारलं.

दगडू रंगूबाईकडे बघत राहिला. “हा कोरड्या मातीत असतो, मावशी. खाऱ्या पाण्यात मरतो. आईला असलं सांगवेना, म्हणून नुसतं म्हणालो, खाडीत सोडा. सोडलीत ना?”

रंगूबाई ताडकन उठली. “माझ्या मेलेल्या लेकावर घालतोस? जीभ झडली नाय ती तुझी! पाटील, तुम्हीच सांगा.”

“सोडताना मी बघितलंय,” सहदेव म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनाच बरं वाटलं. पहिली काडी रंगूबाईनं ओढली. गवताचं छप्पर पेटायला वेळ लागला नाही. दगडू बूट घालून बांधावरून टिटवाळ्याच्या वाटेला लागला, तर तिनं मागून दगडही भिरकावला.

घरी येऊन तिनं हातपाय धुतले आणि नेहमीसारखं फूल घेऊन अंगणात गेली. शेवंती तुळशीच्या कट्ट्याला टेकून पाय खाजवत होती. तिथंच बांधलेली शेळी गुडघे टेकून बसली होती. कट्ट्याच्या पायथ्याशी, काळ्या मातीवर, तांबडी माती पसरली होती. वाहून जाईल म्हणून रंगूबाई तिच्यावर कधी पाण्याचा थेंब पडू देत नसे. तिनं ती तळहातानं नीट गोळा करून पुन्हा कट्ट्याशी सारली, वर फूल ठेवलं. खाडीत तिनं सोडलं होतं ते नुसतं फडकं.